एका घरात दोन चुली

शास्त्रपाठ : योहान ४:१–२६, लूक ९:५१–५६ व १०:२५–३७, रोमकरांस पत्र, अध्याय १४, करिंथकरांस पहिले पत्र ७:१२–१६ व १०:२३–३३.

ज्यांचे मत आपणांस मान्य नाही अशा मनुष्यांवर प्रीती कशी करावी, हा ह्या पाठाचा विषय आहे. विषय वाचून कोणी म्हणेल की, हे तर शब्बाथशाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा आपण केव्हाच पाठ केली आहे. पाठ केली आहे खरी. मुंबईसारख्या शहरात, जेथे शेजाऱ्याचे नावही पुष्कळांना ठाऊक नसते, तेथे ही आज्ञा पाळल्याचे समाधान फुकटात मिळते. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर तसे नाही. येथे गावात ख्रिस्ती घर एक किंवा दोन. सख्खा भाऊ जुन्या धर्मात आहे, मेहुणा बौद्ध आहे, बायकोच्या माहेरी गावदेवीचा मान आहे. भाताची लावणी आली की हीच माणसे आपल्या खाचरात उतरतात व आपण त्यांच्या खाचरात उतरतो. घरी मयत झाली की खांदा देणारे तेच. ज्याच्या घरचा प्रसाद काल संध्याकाळी नाकारला, त्याच्याच दारी आज सकाळी काही मागावयास जाणे भाग पडते. म्हणून हा प्रश्न आपणांस पुस्तकाच्या पानावर भेटत नाही, उंबऱ्यावर भेटतो.

ह्या प्रश्नातून सुटण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत, व आपल्यापैकी बहुतेकांनी दोन्ही चालून पाहिल्या आहेत. पहिली वाट अशी की, मतभेद आहे हेच म्हणावयाचे नाही. कोणी विचारले तर सर्व देव एकच म्हणून हसावयाचे, आणि रविवारी उपासनेत वेगळे गीत गावयाचे. दुसरी वाट अशी की, ज्यांचे मत वेगळे त्यांच्या दारावरूनच जावयाचे नाही. आपले दोन-तीन कुटुंबांचे आवार करून त्यात सुखाने राहावयाचे, आणि बाहेरच्यांना अंधारातील लोक म्हणावयाचे. पहिल्या वाटेने जाणारा भित्रा दिसतो व दुसऱ्या वाटेने जाणारा शूर दिसतो. परंतु माझ्या मते दोघांनीही एकच काम चुकविले आहे. एकाने सत्य सांगण्याचे कष्ट वाचविले, दुसऱ्याने प्रीती करण्याचे. प्रभु येशू ख्रिस्त ह्या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने गेला नाही.

यहुदी व शोमरोनी ह्यांचा तंटा कसा होता हे उपदेशकांनी मंडळीस अवश्य समजावून द्यावे, कारण तो आपल्याकडील तंट्यांसारखाच होता. परका धर्म तितका टोचत नाही, जितका भाऊबंदांचा वेगळा धर्म टोचतो. शोमरोनी लोक याकोबासच आपला पूर्वज म्हणत, मोशेचीच पुस्तके मानीत. परंतु देवाची उपासना यरुशलेमेत न करता गरिज्जीम डोंगरावर करीत. एवढ्यावरून पाण्याचा व्यवहारही बंद होता. प्रभु त्या बाईपाशी पाणी मागतो, तेव्हा तिला आश्चर्य वाटते ते ह्याचमुळे. आपल्या गावांतील पाणवठ्याची जुनी रीत ज्यांच्या आजोबांनी भोगली आहे, त्यांना ह्या ओळीचा अर्थ पंडितांपेक्षा अधिक कळेल. आता पुढे पाहा. संभाषणात जेव्हा उपासनेची गोष्ट निघते, तेव्हा प्रभु तिची समजूत काढण्यासाठी गोड बोलत नाही. शोमरोन्यांना आपण कोणाची उपासना करितो हे ठाऊक नाही व तारण यहुद्यांतून येते, असे तो स्पष्ट सांगतो. मतभेद झाकला नाही. पण ते सांगण्यापूर्वी त्याने तिच्या हातचे पाणी मागितले होते.

लूकाच्या शुभवर्तमानात ह्याची दुसरी बाजू दिसते. शोमरोनातील एका गावाने प्रभूला उतरू दिले नाही. याकोब व योहान रागावले आणि आकाशातून अग्नी पाडावा काय, असे विचारू लागले. प्रभूने त्यांसच धमकाविले व ते दुसऱ्या गावी गेले. आणि पुढच्याच अध्यायात, शेजारी कोण हे शास्त्र्यास शिकवावयाचे होते तेव्हा, प्रभूने उदाहरणासाठी निवडला तो शोमरोनी! त्या गोष्टीत शोमरोन्याचे मत बरोबर आहे असे कोठेही म्हटलेले नाही. तरी त्याची दया बरोबर आहे, आणि यहुदी शास्त्र्याने त्याच्यापासून शिकावे असे सांगितले आहे. ज्याची उपासना चुकीची आहे असे आपण मानतो, त्याच्यापाशी आपण शिकण्याजोगे काही असू शकते, हे कबूल करणे पुष्कळ ख्रिस्ती लोकांना फार जड जाते. मला वाटते, शत्रूस भाकर देण्याहूनही ते जड आहे.

ही उदाहरणे दूरच्या देशातील व जुन्या काळातील म्हणून कोणी बाजूस सारील. म्हणून आता आपल्याच तालुक्याची पायरी चढलेल्या एका घराकडे पाहू.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची गीते आपण उपासनेत गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान वयात लग्न होऊन सासरी आल्या, तेव्हा त्यांचे सासरचे पहिले दिवस मुरबाडास गेले. सोवळेओवळे, व्रते, उपास ह्यांत त्या वाढल्या होत्या. टिळक कवी, वक्ते व शोधक वृत्तीचे. एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले व तेथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. त्यांनी हे पाऊल टाकावयास संमती दिली नव्हती. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. मांडीवर लहान मुलगा दत्तू, आणि नवरा जिवंत असता संसार मोडलेला, अशी त्यांची स्थिती झाली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आपण सांगतो तेव्हा ती विजयाची म्हणून सांगतो, आणि बाईंचे रडणे हे केवळ विजयाच्या वाटेतील काटे म्हणून सोडून देतो. हे न्यायाचे नाही. ज्या स्त्रीने काहीही अपराध केला नाही, तिच्यावर ह्या निर्णयाचा सर्वात मोठा भार पडला. आपल्या मंडळीत कोणी एकटा पुरुष बाप्तिस्मा मागावयास येतो, तेव्हा त्याची घरधनीण काय म्हणते हे पाळकांनी आधी विचारावे. तिने नाही म्हटले तर बाप्तिस्मा देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येकाचा आत्मा देवासमोर स्वतःच उभा राहणार आहे. परंतु तिला न कळविता, न भेटता, ती कोणी नव्हेच असे समजून हे काम उरकू नये.

लक्ष्मीबाईंना त्यांच्या बहिणीने व मेहुण्यांनी आश्रय दिला. ही मंडळी टिळकांच्या कृत्यावर रागावलेली होती, तरी त्यांनी बाईंना व मुलाला पोटाशी धरले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन चौतीस वर्षे झाली होती, तरी ज्या हिंदू आप्तांनी त्यांना सांभाळले त्यांच्याविषयी त्या पुस्तकात कृतज्ञताच आहे. आपला जुना धर्म सोडलेल्या मनुष्याची परीक्षा पुष्कळदा येथे होते. सोडून आलेल्या घराविषयी तो कसा बोलतो, हे ऐकावे.

चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नी वेगळी राहिली. त्या काळी १८६६ सालचा एक कायदा होता. धर्मांतर केले म्हणून ज्याच्या जोडीदाराने सहा महिने सहवास सोडला, अशा ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास न्यायालयात अर्ज करता येई, आणि न्यायालयाने ठरविलेली मुदत संपल्यावरही जोडीदार आला नाही तर विवाह मोडून दुसरे लग्न करण्याची मोकळीक मिळे. टिळकांना ही वाट उघडी होती. ते तरुण होते, विद्वान म्हणून त्यांचे नाव होते. त्यांनी ती वाट धरली नाही. करिंथकरांस लिहिताना पौलाने ह्याच प्रसंगाविषयी सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारी पत्नी राहावयास राजी असेल तर विश्वासी पतीने तिला सोडू नये. टिळकांची पत्नी तर राहावयासही राजी नव्हती. तरी त्यांनी पत्रे लिहिणे सोडले नाही, व तिची जागा दुसऱ्या कोणास दिली नाही.

शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरकडे टिळकांपाशी आल्या. परंतु ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपला धर्म, आपले सोवळे व आपली चूल घेऊन आल्या. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात एक ब्राह्मण स्त्री नवऱ्याच्या हातचे पाणीही न घेता वेगळा स्वयंपाक करून जेवते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. मिशनच्या आवारात लोक काय म्हणत असतील! घरच्या बायकोला जो ख्रिस्ती करू शकत नाही, तो दुसऱ्यांना काय उपदेश करणार, हा टोमणा आपल्याही गावांत नवा नाही. टिळक स्वभावाने तापट होते, हे त्यांच्या पत्नीनेच लिहून ठेविले आहे. अशा मनुष्याने ती दुसरी चूल मोडली नाही. त्या चुलीसाठी जागा दिली.

माझ्या समजुतीने ह्या पाठाचे मर्म त्या दुसऱ्या चुलीत आहे. मतभेद असलेल्या मनुष्यावर प्रीती करणे म्हणजे त्याचे मत आपले करणे नव्हे. टिळकांनी आपली उपासना एक दिवसही लपविली नाही. आणि त्याचे मत आपल्यासारखे करून टाकणे, हेही नव्हे. त्याचा विवेक त्याच्या मालकीचा आहे असे समजून त्याला आपल्या छपराखाली जागा देणे, आणि त्यासाठी जी गैरसोय व जी अप्रतिष्ठा सोसावी लागेल ती आपण सोसणे, हे ते काम आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल हेच सांगतो. कोणी सर्व खातो, कोणी भाजीच खातो. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असे तो विचारतो. पौलाचे स्वतःचे मत काय होते हेही त्याने त्याच अध्यायात लपविले नाही. कोणतेही अन्न जात्याच अशुद्ध नाही, अशी त्याची खात्री होती. तरी अन्नासाठी भावाचा नाश होऊ देऊ नये, हे त्याने त्या खात्रीहून वर ठेविले.

पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. जातिभेद हा देवाने केला की माणसाने, ह्या विचाराने लक्ष्मीबाईंच्या मनात घर केले. देवाने स्त्री व पुरुष एवढेच भेद केले, बाकीचे मनुष्यांनी केले, असे त्यांचे त्यांनाच दिसले, आणि त्यांनी एके दिवशी सोवळे सोडले. नवऱ्याच्या वादाने हे झाले नाही. १९०० साली त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला.

आता एक अवघड प्रश्न विचारतो, व उपदेशकांनी तो मंडळीतही विचारावा. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या नसत्या तर? त्या मरेपर्यंत आपल्या वेगळ्या चुलीवर जेवल्या असत्या तर टिळकांची प्रीती वाया गेली, असे आपण म्हणालो असतो काय? आपली बहुतेक साक्षीची भाषणे ऐकली तर उत्तर होय असे येते. मी अमक्याच्या आजारात सेवा केली आणि तो मंडळीत आला, अशी साक्ष आपण देतो. सेवा केली आणि तो आला नाही, अशी साक्ष कोणी देत नाही. शेजारीही मूर्ख नाहीत. कोळ्याने गळाला लावलेले आमिष व आईने दिलेला घास ह्यांतील भेद त्यांना कळतो. पौलाने त्याच सातव्या अध्यायात विश्वासी पत्नीस विचारले आहे की, तू आपल्या पतीस तारशील हे तुला काय ठाऊक? त्याने खात्री दिली नाही. नांदावयास मात्र सांगितले.

टिळकांच्या घरानेच ह्या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या कवितेने सर्वांच्या डोळ्यांत भरला, आणि बालकवी हे नाव त्याला तेथेच मिळाले. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. ठोमरे हिंदू होते व हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात ते वारले. ते टिळकांच्या मंडळीत कधी आले नाहीत, म्हणून त्या घरातील त्यांची जागा कमी झाली नाही. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला; त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. हा त्यांचा विचार सर्व मंडळ्यांस पटला नाही, व आजही पुष्कळांस पटणार नाही. बाप्तिस्म्याची आज्ञा प्रभूची आहे, ती ऐच्छिक करता येत नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे मलाही वजनदार वाटते. परंतु अशा दरबाराची कल्पना ज्याच्या मनात आली, त्याने आपल्याच घरात दोन चुली जळताना पाहिल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

असे धैर्य ख्रिस्ती लोकांनीच दाखविले, असे कोणी समजू नये. १८४३ साली मुंबईत मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी होता. तोही मिशनरींकडे राहत होता. बापाने न्यायालयात दाद मागितली व मुलगा बापाच्या ताब्यात मिळाला. मुलगा परत आला, पण जात त्याला घेईना, कारण तो ख्रिस्ती लोकांत जेवला होता. तेव्हा ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. धर्मांतरास त्यांचा विरोध होता. तरी प्रायश्चित्त देऊन ह्या पोराला परत घ्यावे, अशी खटपट त्यांनी केली. त्याबद्दल सनातनी मंडळींनी त्यांच्यावरही बहिष्काराचे शस्त्र उगारले. आपल्या विरोधकांशी भांडणे सोपे असते. आपल्याच पक्षाच्या लोकांपुढे एका भटकलेल्या मुलासाठी उभे राहणे बाळशास्त्र्यांनी पत्करले. शोमरोन्याच्या गोष्टीत प्रभूने जे शिकविले, ते येथे एका शास्त्र्यापासून शिकावे लागते, आणि त्यात आपला काही कमीपणा नाही.

आता आपल्या गावांकडे येऊ. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौषी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. देव म्हसोबा; बाजार गुराढोरांचा, घोंगड्यांचा व शेतीच्या सामानाचा. ख्रिस्ती शेतकऱ्याने तेथे बैल घ्यावयास जावे काय, असा प्रश्न नवीन विश्वासी विचारतात. पौलाने करिंथच्या बाजाराविषयी दिलेले उत्तर येथे पुरेसे आहे. बाजारात जे विकते ते घ्या, चौकश्या करीत बसू नका; परंतु हे मूर्तीपुढे ठेविलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी म्हणून खाऊ नका. बैल देवाचा आहे, म्हसोबाचा नाही. जा, बैल पाहा, ओळखीच्यांना भेटा, नारळ मात्र फोडू नका. कोणी विचारले तर का फोडीत नाही ते दोन शब्दांत सांगा, आणि यात्रेतील लोकांना हसू नका. जो मनुष्य वर्षातून एकदा मुलाबाळांसह कोसभर चालत येऊन हात जोडतो, त्याच्या हात जोडण्यात काही तरी खरे आहे. ते कोणाकडे जोडले आहेत ह्याविषयी आपला वाद आहे.

देवळाच्या वर्गणीचा प्रश्न ह्याहून कठीण आहे, कारण तेथे सर्व गावासमोर नाही म्हणावे लागते. माझे मत असे की, पूजेसाठी पैसे देऊ नयेत. परंतु ते न देण्याची रीत महत्त्वाची आहे. वर्गणी मागणाऱ्यांना पाहून मागील दाराने जाणे हा नकार नव्हे. त्यांना बसावयास घोंगडी टाकावी, पाणी द्यावे, आणि सरळ सांगावे की, ह्या कामी माझा विवेक मला मोकळीक देत नाही. पण विहिरीचा गाळ काढणे, शाळेचे छप्पर, पाड्याचा रस्ता ह्यांसाठी माझ्या वाट्याचे पैसे व माझे दोन हात धरून ठेवा. आणि मग, बंधूंनो, गाळ काढावयाच्या दिवशी सर्वांच्या आधी विहिरीवर जावे. जो वर्गणीतून सुटला व गाळातूनही सुटला, त्याचा विवेक गावाला चिक्कूपणासारखा दिसला तर दोष गावाचा नाही.

अरामी सेनापती नामान ह्याची गोष्ट येथे उपयोगी पडते (राजे, दुसरे पुस्तक, अध्याय ५). तो बरा झाला, इस्राएलाच्या देवावर त्याने विश्वास ठेविला, आणि मग भीत भीत म्हणाला की, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करितो, तेव्हा मलाही वाकावे लागते. परमेश्वर ह्याची क्षमा करील काय? अलीशाने होय म्हटले नाही व नाहीही म्हटले नाही; शांतीने जा, एवढेच म्हणाला. म्हाताऱ्या सासऱ्याला हात धरून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेणारा नवा ख्रिस्ती जावई तुमच्यापाशी आला, तर उपदेशकांनी अलीशाइतके तरी मृदू असावे.

आणखी एक मतभेद आपल्या घरांत फार खोल गेला आहे. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास, मी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा अनेक मिशनांनी मोठी आशा धरली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला व लाखो लोक त्यांच्यामागून गेले. ह्यामुळे एकाच आज्याची नातवंडे आज काही मंडळीत व काही विहारात बसतात. आपल्यातील काही जण त्या भावंडांविषयी असे बोलतात, जणू ती आपल्या हातात यावयाची होती व निसटली. हे बोलणे सोडले पाहिजे. ती माणसे आपल्या ताब्यातील माल नव्हती. मनुष्याचा मान परत मिळविण्यासाठी त्यांनी विचारपूर्वक एक पाऊल टाकले. देव आहे काय, ह्याविषयी त्यांचे व आपले एकमत नाही, आणि हा भेद लहान नाही. तो भेद तसाच ठेवून, अस्पृश्यतेच्या ज्या दुःखातून दोघेही आले ते दुःख दोघांचेही आहे हे ओळखून, त्यांच्या घरच्या लग्नकार्यास जावे. त्यांच्या पुस्तकांत काय आहे हेही वाचावे. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी; त्यांनी स्वदेशी परत गेल्यावर आपले म्हातारपण एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई ह्या संतांचे ग्रंथ इंग्रजीत आणण्यात घालविले. ती माला १९२६ पासून निघू लागली. ज्यांचे खंडन करावयास मनुष्य समुद्र ओलांडून आला, त्यांचे उत्तमातले उत्तम त्याने आपल्या देशबांधवांना दाखविले. दुसऱ्याच्या धर्मातील वाईटातले वाईट निवडून आपल्या धर्मातील चांगल्याशी ताडून पाहणे हा खोटा तराजू आहे, आणि तो आपल्या भाषणांत फार वापरला जातो.

मंडळीच्या आतील तंट्यांविषयी थोडेच लिहितो. लहान मुलांचा बाप्तिस्मा खरा की मोठ्यांचाच खरा, टाळ्या वाजवून गावे की शांत बसावे, ह्यावरून चार घरांच्या वस्तीत दोन मंडळ्या झालेल्या आपण पाहतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. तिच्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे होते व फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्यांनाच देणारेही होते. त्यांनी एकमेकांची मते पुसली नाहीत. दोन्ही रीती चालू ठेवून एका मेजावर प्रभुभोजन घेण्याचे ठरविले. ही बोलणी अनेक वर्षे चालली होती. आपण दोन घरांतील अबोला दोन पावसाळ्यांत मिटवू शकत नाही, म्हणून ह्या वर्षांचा हिशेब सांगितला.

उपदेशकांनी हा पाठ घेताना पुढील गोष्टी मंडळीस विचाराव्या. आपल्या घरच्या कोणत्या माणसाशी आपण धर्मावरून बोलणे सोडले आहे? सोडले ते त्याच्या मतामुळे की त्याच्यापुढे आपण हरलो म्हणून? ज्याच्या हातचे पाणी आपण कधी मागितले नाही, असे आपल्या पाड्यावर अजून कोणी आहे काय? कातकरी वस्तीकडे पाहून उत्तर द्यावे. घाईने उत्तर देणाऱ्यास पुन्हा विचारावे. मग लूक ९:५४ व प्रेषितांची कृत्ये ८:१४–२५ हे दोन उतारे दोघांकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. पहिल्यात शोमरोनी गावावर अग्नी मागणारा योहान आहे. दुसऱ्यात यरुशलेमेच्या मंडळीने शोमरोन्यांवर हात ठेवून प्रार्थना करावयास पेत्राबरोबर कोणास पाठविले, आणि परतताना त्या दोघांनी कोणाच्या गावांत शुभवर्तमान सांगितले, हे मुलांनाच शोधू द्यावे.